घराचे ठिपके, नोकरीचे ठिपके

आमचं ऑफिस हललं तेव्हापासून हा विषय डोक्यातून जातच नाहीये. आधी शहराच्या मधोमध होतं, आता एका टोकाला गेलंय, मोठी नवी बिल्डिंग, पार्किंग भरपूर आणि जागेचं भाडं बरंच कमी. शिफ्टिंगच्या आधी सगळ्यांना मेल आला होता त्यात एक ओळ होती की कर्मचाऱ्यांच्या सरासरी प्रवासात फारसा फरक पडणार नाही. माझं रोजचं काम मॅप आणि डेटाचंच आहे त्यामुळे मला काही राहवेना. टीममधल्या सगळ्यांना विचारून, पत्ता नाही फक्त एरिया विचारून, चौदा ठिपके टाकले मॅपवर. जुन्या ऑफिसचा एक चौकोन, नव्याचा एक, आणि बसले अंतरं मोजत.

मेल खोटा नव्हता. सरासरी खरंच जवळपास तेवढीच आली.

पण ठिपके एकेक करून बघितले तर वेगळंच दिसायला लागलं. सहा जण नव्या ऑफिसच्या बाजूलाच राहतात, त्यांचे अठरा किलोमीटरचे चार झाले. पाच जण बरोब्बर उलट्या बाजूला, त्यांचे दहाचे सत्तावीस झाले. तिघांना काहीच फरक नाही. बेरीज करून चौदाने भागा, सगळं जागच्या जागी! आता ते सहा जण कोण, तर बहुतेक सिनियर लोक, ज्यांनी गेल्या काही वर्षांत तिकडे नवे फ्लॅट घेतले आणि ज्यांच्याकडे गाडी आहे. आणि ते पाच जण म्हणजे बस-ट्रेनने येणारे, त्यातल्या तिघी बायका, दोघींची मुलं लहान. त्यांना आता दोनदा गाडी बदलावी लागते आणि एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या वर गेलाय. सरासरीत यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय, की मोठ्या शहरात नोकऱ्या कुठे असतात, माणसं कुठे असतात आणि हे दोन नकाशे एकमेकांवर का बसत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे आपण लोकसंख्येचा जो नकाशा बघतो ना, तो रात्रीचा असतो. जनगणना माणसाला घरी मोजते, तो झोपतो तिथे. दिवसाचा नकाशा वेगळाच असतो आणि किती वेगळा ते लंडनच्या जुन्या गाभ्यात कळतं, ज्याला सिटी ऑफ लंडन म्हणतात. जेमतेम तीन चौरस किलोमीटरची जागा. २०२१ च्या जनगणनेत तिथे साडेआठ हजारांच्या आसपास माणसं राहत होती आणि तिथल्या नोकऱ्या आहेत पाच लाखांच्याही वर. टोकियोचा चियोदा वॉर्ड घ्या, २०१५ च्या जनगणनेत रात्रीची लोकसंख्या ५८ हजार आणि दिवसाची साडेआठ लाखांच्या आसपास. जपानमधे दिवसाची लोकसंख्या जनगणनेतूनच वेगळी काढतात आणि मला ही फार मोलाची गोष्ट वाटते, कारण बाकी अनेक ठिकाणी पाणी, संडास, बसेस, दवाखाने यांचं नियोजन रात्रीच्या आकड्यावर होतं आणि दिवसा तिथे भलतीच गर्दी उसळलेली असते.

बरं हे आधीपासून असं नव्हतं. त्याच सिटी ऑफ लंडनमधे १८०१ साली सव्वा लाखाच्या वर माणसं राहत होती. तळमजल्यावर दुकान किंवा पेढी, वर मालकाचं घर, माळ्यावर नोकर आणि शिकाऊ मुलं, म्हणजे नोकरीचा ठिपका आणि घराचा ठिपका एकच. १९०१ पर्यंत तिथे २७ हजारच उरले. मधल्या काळात काय झालं, तर रेल्वे आली. १८६३ मधे लंडनला जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, १८८८ मधे अमेरिकेत रिचमंडला फ्रँक स्प्रेग या इंजिनियरने विजेच्या ट्रामचं पूर्ण जाळं यशस्वी करून दाखवलं आणि मग सगळीकडेच ट्रामच्या तारांबरोबर घरं लांब लांब जायला लागली. चालत जाणाऱ्या माणसाला घर कामाजवळच घ्यावं लागतं, ट्रामवाल्याला नाही.

पण मग घरं बाहेर गेली आणि नोकऱ्या मधेच का राहिल्या? मला हे नीट समजायला वेळ लागला. साध्या भाषेत सांगायचं तर एका नोकरीला लागते एका टेबलाची जागा, आणि एका माणसाच्या राहण्याला झोपायची, स्वयंपाकाची, मुलांच्या अभ्यासाची, म्हाताऱ्या आईवडिलांची अशी कितीतरी जास्त जागा लागते. शिवाय ऑफिसं एकमेकांजवळ असली की त्यांचा फायदा होतो, वकील बँकेजवळ, बँक व्यापाऱ्याजवळ, आणि हुशार माणूस एक नोकरी सोडून त्याच गल्लीतल्या दुसऱ्या ऑफिसात जाऊ शकतो. म्हणून मधल्या जागेसाठी ऑफिसवाले जेवढे पैसे मोजायला तयार होतात तेवढे कुटुंबाला परवडत नाहीत. विल्यम अलॉन्सो या अभ्यासकाने १९६४ मधे हे गणितात मांडलं, की प्रत्येक जण जागेसाठी बोली लावतोय आणि ज्याला केंद्राजवळ असण्याची गरज सगळ्यात जास्त तो तिथे जिंकतो. त्याच्याही आधी १९५१ मधे कॉलिन क्लार्क या अर्थतज्ज्ञाने बऱ्याच शहरांचे आकडे तपासून दाखवलं होतं की केंद्रापासून दर किलोमीटरला लोकसंख्येची घनता साधारण ठराविक टक्क्यांनी कमी होत जाते, आणि बरोब्बर मधे, जिथे सगळी ऑफिसं असतात, तिथे मात्र रहिवाशांचा खड्डा असतो. म्हणजे लोकसंख्येचा डोंगर, ज्याच्या शिखराला भोक पडलंय, आणि त्या भोकात नोकऱ्यांचा सुळका उभा.

हे चित्र डोळ्यासमोर आलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ काम थांबवून बसले होते. मग आमच्या जुन्या ऑफिसच्या भागात एका रविवारी सकाळी मुद्दाम गेले. रस्ते रिकामे, शटर सगळी खाली, एका बिल्डिंगच्या दारात वॉचमन खुर्ची टाकून बसलेला, आणि वर चौदाव्या की पंधराव्या मजल्यावर एकच दिवा चालू. आठवड्यातले पाच दिवस जिथे चालताना खांद्याला खांदा लागतो तिथे मला माझ्या चपलेचा आवाज ऐकू येत होता. त्या वॉचमनला विचारलं की तुम्ही कुठून येता, तर तो म्हणाला पहाटे साडेचारला निघतो ताई, नाहीतर पहिली गाडी चुकते. म्हणजे जो माणूस त्या जागेची राखण करतो तो तिथून सगळ्यात लांब राहतो. मॅपवर अशा माणसांचे ठिपके आम्ही कधी टाकतच नाही, कारण तो कंत्राटदाराचा माणूस आणि त्याच्या नोकरीचा पत्ता कागदोपत्री कंत्राटदाराच्या ऑफिसचा असतो. डेटा वापरणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

असो, पुढे जाऊ. नोकऱ्या कायम मधेच राहिल्या असंही नाही. आधी कारखाने गेले. जुने कारखाने चार-पाच मजली असायचे, बंदर नाहीतर रेल्वे यार्डाला खेटून, पण एका सलग पट्ट्यावर माल पुढे सरकवायचा तर एकमजली लांबलचक शेड लागते आणि एवढी जमीन फक्त शहराबाहेर स्वस्तात मिळते, त्यात ट्रक आले म्हणजे रेल्वेच्या यार्डाची गरजही संपली. मग बंदरं गेली. १९५६ मधे माल्कम मॅकलीन या अमेरिकन ट्रकवाल्या उद्योजकाने जहाजावर पहिल्यांदा ५८ कंटेनर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत गोदी कामगारांची शहरंच्या शहरं बदलून गेली, कारण कंटेनरला खोल पाणी आणि अफाट मोकळी जागा लागते आणि माणसं लागतात अगदी थोडी. लंडनच्या शहरातल्या गोद्या १९६७ पासून एकेक करून बंद होत गेल्या, १९८१ मधे शेवटच्या रॉयल डॉक्स बंद झाल्या आणि काम खाली नदीच्या मुखाकडे टिलबरीला गेलं. गोदीजवळ पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं मात्र तिथेच राहिली. पुढे त्याच पट्ट्यात कॅनरी वॉर्फ उभं राहिलं, १९९१ मधे तिथला मोठा टॉवर उघडला, आज एक लाखाहून जास्त लोक तिथे काम करतात, पण बँकेतली नोकरी आणि गोदीतली नोकरी एकाच जमिनीवर असली म्हणून एकाच माणसाला मिळते असं थोडीच आहे! अंतर शून्य झालं तरी नोकरी हाताला लागत नाही, हे मला त्या गोदीच्या गोष्टीतून कळलं आणि नुसतं किलोमीटर मोजणं किती अपुरं आहे तेही.

मग दुकानं, गोदामं आणि शेवटी ऑफिसंही बाहेर पडली. अमेरिकेतल्या ९८ मोठ्या महानगरांचा २००६ चा हिशोब बघा, शहराच्या केंद्रापासून तीन मैलांच्या आत फक्त २१ टक्के नोकऱ्या आणि दहा मैलांच्या पलीकडे ४५ टक्के. लॉस एंजेलिसबद्दल तर मजेदार प्रश्न होता, की याला केंद्र आहे तरी का. जेनेव्हीव्ह जुलियानो आणि केनेथ स्मॉल या दोघांनी १९८० चा डेटा घेऊन एक नियम लावला, एकराला किमान दहा नोकऱ्या आणि एकूण किमान दहा हजार, तरच त्याला केंद्र म्हणायचं. अशी बरीच केंद्रं सापडली, पण सगळी मिळून त्यांच्यात नोकऱ्या होत्या साधारण एक तृतीयांश. बाकीच्या दोन तृतीयांश नोकऱ्या कुठल्याच केंद्रात नाहीत! रस्त्याकडेला, शाळांमधे, दवाखान्यांमधे, गल्लीबोळात विखुरलेल्या. आपण बोलतो कायम डाउनटाउनच्या टॉवरबद्दल, पण बहुसंख्य माणसं कुठल्यातरी साध्या एकमजली इमारतीत काम करत असतात.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय त्याच्याकडे येते. ऑफिस हलल्यावर आमच्यात खूप चर्चा झाली आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की नोकऱ्या घरांजवळ आणल्या की प्रश्न सुटला, प्रत्येक उपनगरात जेवढी माणसं तेवढ्या नोकऱ्या ठेवा, कोणाला लांब जायलाच नको. ऐकायला अगदी पटतं. मलाही पटायचं. पण हे करून बघितलंय लोकांनी, आणि मन लावून बघितलंय. स्टॉकहोमजवळ व्हॅलिंगबी नावाचं उपनगर १९५४ मधे सुरू झालं. त्याची कल्पनाच ही होती की काम, घर आणि बाजार-सभागृह असं केंद्र तिन्ही एका जागी, स्वीडिश भाषेतल्या त्या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला एबीसी शहर म्हणायचे. मेट्रो स्टेशन मधे, भोवती उंच इमारती, पुढे बुटकी घरं, झाडं, चालायचे रस्ते, जगभरातले नियोजनकार बघायला यायचे. आणि झालं काय, तर तिथे राहणारे बहुतेक नोकरदार सकाळी मेट्रो पकडून दुसरीकडे कामाला जायचे आणि तिथल्या नोकऱ्या करायला बरेचसे लोक बाहेरून यायचे. ठिपके मोजले तर दोन्ही बाजूंनी चांगले जुळतात, पण त्यांच्यामधे रेघा ओढल्या की सगळ्या एकमेकींना छेदून जातायत.

हे लोकांनी वेडेपणाने केलं असं अजिबात नाही. आमच्याच चौदा ठिपक्यांवरून सांगते. घर एकदा घेतलं की माणूस दहा-पंधरा वर्षं तिथे असतो, मुलांची शाळा असते, आईवडील शेजारच्या बिल्डिंगमधे असतात. नोकरी दर तीन-चार वर्षांनी बदलते. आणि घरात कमावणारे दोघं असले तर एकाच्या ऑफिसजवळ घर घेतलं म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसपासून लांब, ही तारेवरची कसरत सगळ्यांनाच आहे. त्यातून नोकरी म्हणजे काही एकसारखी वस्तू नाही, शेजारी रसायनाची लॅब आली म्हणून हिशोबनीसाला काम मिळत नाही. उपनगरात दहा हजार माणसं आणि दहा हजार नोकऱ्या असं ताळ्यावर आणलं तरी माणूस आणि नोकरी यांची गाठ पडायला त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा ढीग हाताशी लागतो. महानगराचा खरा फायदाच हा आहे ना, की निवड मोठी असते! शहराचे दहा स्वयंपूर्ण तुकडे केले तर ते महानगर उरत नाही, दहा लहान गावं होतात, आणि लहान गावात नोकरी गेली की माणूस अडकतो.

म्हणून मला आता वाटतं की प्रश्न विचारायचा तो असा, की एका माणसाला आपल्या घरातून अर्ध्या-पाऊण तासात किती नोकऱ्यांपर्यंत पोचता येतं. ही कल्पना माझी नाही, वॉल्टर हॅन्सन या अभ्यासकाने १९५९ मधेच हे मोजायची पद्धत मांडली होती, की प्रत्येक ठिकाणच्या नोकऱ्या मोजायच्या आणि तिथे जायला जितका जास्त वेळ लागतो तितकं त्यांचं वजन कमी धरायचं. आणि एवढाच वेळ का म्हणते, तर चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मधे लिहिलं होतं की माणसं दिवसाला जाऊन-येऊन सरासरी साधारण एक तास प्रवासावर घालवतात, चालणारा असो की गाडीवाला, वाहन वेगवान झालं की माणूस वाचलेल्या वेळात घरी बसत नाही, लांब राहायला जातो. काटेकोर नियम म्हणून नाही, पण अंदाज म्हणून मला हे खूप उपयोगी वाटतं. दिवसाला तीन तास कोणी घालवत असेल तर ती त्याची आवड नसते, त्याच्यावर लादलेलं असतं.

आणि लादण्याचे प्रकार वेगवेगळे. सोव्हिएत काळातल्या मॉस्कोत जमिनीला किंमतच नव्हती, त्यामुळे मधल्या वर्तुळातले जुने कारखाने जागा सोडायचेच नाहीत आणि नव्या इमारती दर दशकाला आणखी बाहेर, आणखी उंच. परिणाम असा की केंद्रापासून लांब जावं तशी घनता वाढत जाते, क्लार्कने दाखवलं त्याच्या एकदम उलट, सगळ्यात जास्त माणसं सगळ्यात लांब. जोहान्सबर्गमधे तर हे उघड कायद्याने केलं, १९५० च्या ग्रुप एरियाजसारख्या कायद्यांनी कोणी कुठे राहायचं ते वर्णावरून ठरवलं, कृष्णवर्णीय कुटुंबांना उठवून दूर सोवेटोसारख्या वस्त्यांमधे टाकलं आणि त्यांनी रोज कामाला मात्र शहरात यायचं. ते कायदे जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली, घरं जागची हलत नाहीत, त्यामुळे आजही तो नकाशा तसाच रोज सकाळी बस आणि टॅक्सीत बसतो. अमेरिकेत जॉन केन या अर्थतज्ज्ञांनी १९६८ मधे शिकागो आणि डेट्रॉइटचे आकडे घेऊन दाखवलं की कृष्णवर्णीयांना उपनगरात घर मिळू देत नाहीत आणि नोकऱ्या उपनगरात निघाल्यात, त्यामुळे त्यांची बेकारी वाढते. त्या वेळी याच्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली, पण घर आणि नोकरी यांच्यातलं अंतर ही नुसती ट्रॅफिकची नाही, माणसाच्या पोटापाण्याची गोष्ट आहे हे तिथून पुढे कोणाला टाळता आलं नाही.

पॅरिसचं उदाहरण मला एका वेगळ्या कारणासाठी आवडतं. ला देफान्सचा मोठा ऑफिस एरिया १९५८ पासून शहराच्या पश्चिमेला वसवला, तर नवी घरं मोठ्या संख्येने पूर्वेला झाली. मग १९७७ मधे आर-ई-आर ए ही उपनगरी रेल्वेची लाइन शहराच्या पोटातून आरपार जोडली गेली आणि आज त्या एका लाइनवर दिवसाला दहा लाखांहून जास्त प्रवास होतात, सकाळी पूर्वेकडून पश्चिमेला गाड्या खच्चून भरलेल्या. त्रास आहेच, पण पूर्वेच्या माणसाला पश्चिमेची नोकरी मिळू तरी शकते. आता तिथे शहराला वळसा घालणाऱ्या नव्या मेट्रोचं काम चालू आहे, एकूण २०० किलोमीटर आणि ६८ स्टेशनं, म्हणजे एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जायला मधे घुसायला नको. माझ्या मते ऑफिस हलवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आधी हे बघावं, की आपण जातोय तिथे चारही बाजूंनी गाडी येते का. आमचं नवं ऑफिस एकाच बाजूने जोडलेलं आहे. मधोमध असलेलं ऑफिस सगळ्यांना थोडं थोडं लांब होतं आणि त्याच्यात एक न्याय होता, जो आम्हाला तो गेल्यावरच दिसला.

मी तो चौदा ठिपक्यांचा मॅप अंतराऐवजी वेळेवर पुन्हा काढला, गाडीने आणि बस-ट्रेनने वेगवेगळा, आणि वरच्यांना दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायला परवानगी दिली आणि यायची वेळ तासाभराने सैल केली. हे मिळालं त्याचा आनंद आहे. पण तोपर्यंत त्या पाचातल्या एकीने राजीनामा दिला होता. आमच्यात सगळ्यात चांगलं काम तिचं होतं, माझ्या चुका शोधून काढणारी तीच. मुलीला पाळणाघरातून सहाच्या आत आणायचं तर साडेचारला ऑफिसातून निघायला हवं आणि साडेचारला निघणाऱ्या बाईकडे सगळे कसे बघतात ते तिने सहा आठवडे सोसलं.

तिला आता घरापासून दहा मिनिटांवर एका लहान ऑफिसात काम मिळालंय. पगार बराच कमी आणि काम ती दहा वर्षांपूर्वी करायची ते. परवा फोनवर बोललो तेव्हा म्हणाली प्रवास नाही त्यामुळे जिवाला बरं वाटतं, आणि मग जरा थांबून विचारलं की तुमचं नवं मॉडेल कुठवर आलं, मी असते तर तो भाग मी केला असता. पुढच्या सर्व्हेत तिचा ठिपका येईल तेव्हा नोकरीचा आणि घराचा ठिपका जवळजवळ एकावर एक असेल, आणि आमच्या पद्धतीने त्याला हिरवा रंग लागेल.